प्रतिजैविकांचा विवेकी वापर : बालवय आणि गरोदरपण

प्रतिजैविके, म्हणजे रोजच्या बोलण्यातली अँटिबायोटिक्स, जीवाणूंवर चालतात. विषाणूंवर त्यांचा उपयोग नाही. मुलांचे सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते, तरीही त्यासाठी ती सर्रास दिली जातात. शेंबूड हिरवा-पिवळा झाला की औषध हवेच, हा समज फार चिवट आहे. साध्या पडशातही काही दिवसांनी शेंबडाचा रंग तसाच पालटतो. विवेकी वापर म्हणजे गरज असेल तेव्हाच, त्या जीवाणूला लागू पडणारे औषध, पुऱ्या मात्रेत आणि ठरल्या मुदतीपर्यंत. त्याचा अर्थ ‘औषध टाळा’ असा नाही.

मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ नव्हे, हे वैद्यकाला महागात पडून कळले. १९५० च्या दशकात नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल दिले गेले. त्यांच्या कोवळ्या यकृताला ते निष्प्रभ करता येईना, मूत्रपिंडांना बाहेर टाकता येईना. औषध रक्तात साचले, पोटे फुगली, बाळे राखाडी पडून दगावली. ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ हे नाव त्यावरून पडले. त्याच दशकात एका सल्फा औषधाने अशाच बाळांच्या रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, प्रथिनापासून सुटून मेंदूत उतरले. ही औषधे यातल्या अनेक बाळांना संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून दिलेली होती.

मुलांची मात्रा वजनावर ठरते, आणि ती घरी बिघडते. पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालून हलवले की पातळी खाली बसते. मग पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालायचे असते. ही दुसरी भर राहून गेली तर प्रत्येक डोस दाट होतो. दर वेळी बाटली हलवली नाही, तर आधीचे डोस पातळ आणि तळाचे दाट जातात. स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हे. उरलेले औषध पुढच्या तापासाठी ठेवण्यातही अर्थ नाही, कारण कालवल्यावर ते फार तर एक-दोन आठवडे टिकते.

न्यूमोनियात मात्र थांबणे घातक. खोकणाऱ्या बाळाचा श्वास मिनिटाला २ ते १२ महिन्यांच्या वयात ५० वा अधिक, १ ते ५ वर्षांत ४० वा अधिक असेल, तर जागतिक आरोग्य संघटना तो वेगवान, म्हणजे न्यूमोनियाची खूण मानते.

गरोदरपणात औषध वारेतून गर्भापर्यंत पोचते. टेट्रासायक्लिन चौथ्या महिन्यापासून पुढे घेतल्यास बाळाच्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग उमटू शकतात, स्ट्रेप्टोमायसिनने ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो, तर ट्रायमेथोप्रिम फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामाआड येत असल्याने पहिल्या तिमाहीत टाळतात. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटांचा अनुभव दीर्घ आणि दिलासा देणारा आहे.

या यादीच्या धाकाने अर्धीच गोळी घेणाऱ्या गर्भवतीचे दुहेरी नुकसान होते. या काळात मूत्रपिंडांची गाळण्याची गती सुमारे दीडपट होते आणि अनेक औषधे लवकर निघून जातात. मग जीवाणू मरत नाही, गर्भाला औषध मात्र पोचते. लघवीत जीवाणू सापडले पण त्रास नाही, अशा स्थितीत एरवी बहुधा उपचार करत नाहीत. गर्भवतीत करतात, नाहीतर संसर्ग मूत्रपिंडात चढू शकतो. उपदंशावर (सिफिलिसवर) तर गर्भालाही पुरेसे ठरेल असे खात्रीचे औषध पेनिसिलिनच आहे. त्याची ॲलर्जी असेल तर गर्भवतीला रुग्णालयात देखरेखीखाली आधी अगदी सूक्ष्म, मग चढत्या मात्रा देतात आणि शरीराला ते सोसू लागले की पेनिसिलिनच टोचतात.