चार्जर १५० किलोवॅटचा, गाडी घेते ४०

लांबच्या प्रवासात फास्ट चार्जरला इलेक्ट्रिक गाडी लावावी, खोक्यावर १५० किलोवॅट लिहिलेलं असावं आणि पडद्यावरचा आकडा ४० च्या वर सरकू नये. राग चार्जरवरच निघतो. कधी तो रास्तही असतो. पण किती धारा, म्हणजे विजेचा प्रवाह, घ्यायची हे मुळात गाडी ठरवते. तिची बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम सतत अँपिअर मागत असते आणि चार्जर फार तर तेवढे देतो.

मग गाडी कमी का मागते? बहुतेक वेळा ग्राफाइटमुळे. चार्जिंग होताना लिथियमचे आयन (विद्युतभारित अणू) ऋणाग्रातल्या, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूच्या, ग्राफाइटकडे येतात. ग्राफाइट म्हणजे पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक रचलेले कार्बनचे थर. आयन कडेने आत शिरतात आणि थरांमध्ये पसरतात. पूर्ण भरलं की दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम. हे मुरणं सावकाश चालतं. येणाऱ्या आयनांचा वेग त्याहून वाढला की कडेला दाटी होते. भरत आलेल्या ग्राफाइटचं विभव (विजेची पातळी) धातुरूप लिथियमच्या वर जेमतेम ०.१ व्होल्ट असतं. धारा रेटली की तेवढंही अंतर उरत नाही आणि लिथियम आत न शिरता पृष्ठभागावरच धातू होऊन साचतं. त्यातलं काही पुन्हा कामाला येत नाही, म्हणजे क्षमता कायमची घटते. क्वचित त्याचे काटे वाढून बॅटरीच्या दोन अग्रांना वेगळं ठेवणारा पडदा भेदतात आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं.

थंडीत आयन मंदावतात, ८० टक्क्यांनंतर रिकाम्या जागा कमी उरतात. दोन्ही वेळा गाडी हात आखडता घेते, ते योग्यच. ‘पाच मिनिटांत फुल्ल’ छापाच्या बातम्यांत तापमान किती आणि सुरुवात किती टक्क्यांवरून, हे बहुधा नसतंच.

दुसरं कारण साध्या गुणाकाराचं: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. चार्जरची केबल २०० अँपिअरपर्यंतचीच असेल आणि बॅटरी ३७० व्होल्टची, तर ७४ किलोवॅटच मिळणार. त्याच केबलवर ८०० व्होल्टची गाडी १५० घेऊ शकते. म्हणून खोक्यावर किलोवॅटपेक्षा अँपिअरचा आकडा शोधावा.

गनच्या, म्हणजे गाडीत खुपसायच्या प्लगच्या, मुठीला ओलं फडकं गुंडाळायचा तोडगाही काही जण करतात. त्याने बॅटरीला काडीचा फरक पडत नाही, उलट मुठीतला तापमानाचा सेन्सर फसतो. तो सेन्सर आग लागू नये म्हणून असतो!

प्रवासात १०-१५ टक्के उरले असताना पोहोचावं आणि ७०-८० ला निघावं. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी थांबण्यापेक्षा पुढे आणखी एक छोटा थांबा बहुधा लवकर पडतो. थंडीत रात्री मुक्कामाला पोहोचताच, बॅटरी गरम असताना, चार्ज करून घ्यावं. सकाळी गारठलेल्या गाडीला तोच चार्जर दुप्पट वेळ खाऊ शकतो. काही गाड्यांत नेव्हिगेशनमध्ये चार्जिंग स्टेशन टाकलं की बॅटरी वाटेतच तापवली जाते.

एवढं करूनही आकडा हलला नाही, तर शेजारची गाडी बघावी. अनेक ठिकाणी एकाच खोक्याच्या दोन गनमध्ये वीज वाटली जाते. मोकळ्या खोक्यावर गाडी हलवून आकडा उडी मारत असेल, तर अडचण वाटणीची किंवा पहिल्या खोक्याची होती. तिथेही ४० च राहिला, तर बॅटरीचं तापमान आणि टक्के पाहावेत.