किल्लारी : दगडी भिंतीच्या धसक्यातून नवं गाव

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत जमीन हादरली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. किल्लारीत १९९२पासूनच धक्के जाणवत होते. तरी भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

माणसं मेली ती स्वतःच्या घरांखाली. माळवदाचं घर म्हणजे मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं हे घर. पण भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधून ठेवणारे लांब दगड त्यात सहसा नसत. हादऱ्याने भिंत फुगून फुटली आणि छत अंगावर आलं. वाचलेल्यांनी मग दगडाचा धसकाच घेतला. नीट बांधली तर दगडी भिंतही टिकते, हे अभियंते सांगत राहिले, लोक मात्र सिमेंटच मागत राहिले. त्यांना अडाणी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी त्याच दगडांखालून आपली माणसं बाहेर काढली होती.

जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार ठरला तो जमिनीवरून: भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत शेत असलेल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. म्हणजे गाव नवं झालं, पण जुनी उतरंड आखणीतच उतरली. सरळ रुंद रस्ते आले आणि गल्लीतला शेजार तुटला. गावठाण पसरलं, त्यासाठी पिकाऊ जमीन गेली.

जी गावं जागेवरच राहिली, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची कामं घरमालकांनीच करून घ्यायची होती. त्यासाठी गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमले गेले, त्यांत महिला मंडळांतल्या बाया मोठ्या संख्येने होत्या. एरवी घराच्या बांधकामात ज्यांना कुणी विचारत नसे, त्या मदतीच्या हप्त्यांची माहिती सांगू लागल्या, कामावर लक्ष ठेवू लागल्या. माझ्या मते या पुनर्वसनातला सर्वांत मोठा बदल हाच. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या यांतल्या काही जणी तिथल्या बायांना आपला अनुभव सांगायला गेल्या.