तीन पन्नास आणि एक शंभर

टीव्हीवर जगाचा नकाशा येतो. काही देश निळे, काही लाल, खाली रकाने: सैनिक, रणगाडे, लढाऊ विमानं, लोकसंख्या. गटातल्या सगळ्या देशांचे आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केलेली असते आणि निवेदक विचारतो, आता अमेरिका घाबरणार का? विषय नाटोचा असेल तर हाच प्रश्न रशियाच्या नावाने. १ जानेवारी २०२४ ला इजिप्त, इथिओपिया, इराण आणि संयुक्त अरब अमिराती ब्रिक्स या गटात आले, पुढच्या जानेवारीत इंडोनेशिया आला. तेव्हापासून असे तक्ते व्हॉट्सॲपवर इतके फिरले की इंदुरात माझ्याकडे गणित शिकायला येणाऱ्या मुलांनीच ते मला दाखवले. बेरीज बरोबर होती, मी तपासली. पण गटाची ताकद बेरजेने मोजली की हमखास चुकीचं उत्तर येतं. हे शंभर वर्षांपूर्वी एका मोटार बनवणाऱ्या इंजिनिअरने दाखवून दिलं आहे, आणि त्याचं गणित अकरावीच्या मुलाला कळेल इतकं सोपं आहे.

फ्रेडरिक लँचेस्टर हे ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या मोटार उत्पादकांपैकी एक. विमानाच्या उड्डाणामागच्या सिद्धांतावरही त्यांचं मूलभूत काम आहे. १९१४ साली, पहिलं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी, त्यांनी एका इंजिनिअरिंग साप्ताहिकात लेख लिहिले; १९१६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. प्रश्न असा होता: लांबून मारा करणारी शस्त्रं दोन्ही बाजूंकडे असतील, तर संख्येला नेमकी किती किंमत? रशियात ओसिपोव्ह यांनी त्याच सुमाराला स्वतंत्रपणे हेच कोडं सोडवलं.

तलवारीच्या लढाईत, अरुंद खिंडीत, एकाला एकच भिडतो. बाकीचे मागे उभे राहून आपली पाळी येण्याची वाट बघतात. तिथे शंभरांपुढे पन्नास आले तर पन्नासाला पन्नास पडतात आणि पन्नास उरतात. सरळ वजाबाकी. बंदूक आली की चित्र पालटतं. आता शंभरच्या शंभर एकाच वेळी गोळी झाडू शकतात. मोठ्या बाजूला दोन फायदे मिळतात: झाडणारे हात दुप्पट, आणि समोरून येणाऱ्या गोळ्या दुप्पट माणसांत वाटल्या गेल्यामुळे प्रत्येकावरचा धोका निम्मा. हे दोन फायदे एकमेकांशी गुणले जातात. दुपटीचे चौपट होतात ते इथे.

मुलांना मी हे कागदावर करायला लावलं. नियम एवढाच: दर फेरीत प्रत्येक बाजू समोरच्या संख्येच्या एक दशांश इतकी माणसं गमावते. सुरुवात १०० विरुद्ध ५०. पहिल्या फेरीनंतर ९५ आणि ४०. दुसरीनंतर ९१ आणि ३०.५. तिसरीनंतर साधारण ८८ आणि २१. चौथीनंतर ८६ आणि साडेबारा. पाचवीनंतर साडेचौऱ्याऐंशी आणि चार. सहाव्या फेरीत लहान बाजू संपते, मोठीकडे ८४ उरतात. पन्नास माणसं मारण्यासाठी फक्त सोळा खर्ची पडली. फेऱ्या आणखी बारीक केल्या, एक दशांशाऐवजी एक शतांश, एक सहस्रांश, तर हा उरलेला आकडा ८६.६ वर येऊन स्थिरावतो.

८६.६ कुठून आला? एका बाजूची संख्या अ, दुसरीची ब, आणि दोघांची नेमबाजी सारखीच. अगदी लहान क्षणात अ मध्ये होणारी घट ब च्या प्रमाणात असते, ब मधली घट अ च्या प्रमाणात. आता अ ऐवजी अ² कडे बघा. अ थोडा बदलला की अ² मधला बदल म्हणजे २ × अ × (अ मधला बदल), म्हणजे २ × अ × ब च्या प्रमाणात घट. ब² साठी हेच करा: २ × ब × अ. दोन्ही घटी अगदी सारख्या! म्हणून अ² आणि ब² दोन्ही कमी होत जातात, पण त्यांच्यातला फरक लढाईभर जिथल्या तिथे राहतो. सुरुवातीला तो १०,००० वजा २,५००, म्हणजे ७,५००. ब शून्यावर आला तेव्हा अ² = ७,५००, आणि वर्गमूळ ८६.६. नेमबाजी सारखी नसेल तर प्रत्येक वर्गाला आपापल्या बाजूच्या कौशल्याचा गुणांक लागतो. पण गुणांक साधा लागतो आणि संख्या वर्गात, त्यामुळे दुप्पट संख्येला तोंड द्यायचं तर कौशल्य चौपट हवं. कॅल्क्युलसमधली इतकी देखणी गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नाही, हे मला कधीच कळलेलं नाही.

आता गटाकडे येऊ. एक बलाढ्य देश, ताकद १००. समोर तीन देश, प्रत्येकी ५०. बेरीज १५०, म्हणजे टीव्हीच्या हिशेबाने बलाढ्य देश हरणार. तिघं एकदम आले तर खरंच हरतो, तेही दारुण: २२,५०० वजा १०,००० म्हणजे १२,५००, वर्गमूळ ११२. गटाचे जेमतेम ३८ जातात आणि बलाढ्य देश नाहीसा होतो. पण तेच तिघं एकामागून एक आले तर? पहिल्याशी लढून त्याच्याकडे ८६.६ उरतात. दुसऱ्याशी लढून ७०.७. तिसऱ्याशी लढून बरोबर ५०. तिघंही संपले आणि तो अजून निम्म्या ताकदीने उभा आहे. त्याला बरोबरीत आणायला चौथा पन्नास लागतो. माणसं तीच, शस्त्रं तीच, बेरीज तीच. बदललं फक्त एक: ते एकाच वेळी आले की नाही.

ब्रिटिश नौसेनापती नेल्सनला हे गणित लिहिता आलं नसतं, पण त्याला ते उमगलेलं होतं. ट्रॅफल्गारच्या आधी केलेल्या टिपणात त्याने आपली ४० जहाजं धरली आणि फ्रान्स-स्पेनच्या संयुक्त ताफ्याची ४६. समोरासमोर रांगा लावल्या तर १,६०० विरुद्ध २,११६, पराभव ठरलेला. त्याने ठरवलं, शत्रूची रांग मधेच तोडायची, मागच्या अर्ध्या भागावर ३२ जहाजं घालायची आणि पुढच्या अर्ध्याला ८ जहाजांनी अडवून धरायचं. लँचेस्टरनी पुस्तकात हिशेब केला आहे: ३२² अधिक ८² म्हणजे १,०८८, २३² अधिक २३² म्हणजे १,०५८. पारडं फिरतं. प्रत्यक्षात २१ ऑक्टोबर १८०५ ला २७ विरुद्ध ३३ जहाजं होती आणि योजना जागेवर बदलावी लागली, तरी ब्रिटिशांचं एकही जहाज गेलं नाही.

हा नियम सगळीकडे बसत नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धातल्या इवो जिमाच्या लढाईचे दैनंदिन आकडे एंगेल यांनी १९५४ मध्ये या समीकरणात घातले, तेव्हा ते छान जुळले. त्याच महायुद्धातल्या कुर्स्कसारख्या प्रचंड, विस्कळीत लढायांना तो तितका नीट लागू पडत नाही. जमीन, रसद, मनोधैर्य, पैसा यांतलं काहीही समीकरणात नाही. पण कुठला प्रश्न विचारायचा ते समीकरण नक्की सांगतं.

इंदुरात मराठी मंडळी जमली आणि इतिहास निघाला की १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धाचा विषय निघतोच. यशवंतराव होळकरांनी शिंदे-भोसल्यांना साथ दिली असती तर? यावर मी घरच्या मोठ्यांना आवाज चढवून भांडताना ऐकलं आहे. घटनाक्रम असा. १८०१ मध्ये पेशव्यांनी पुण्यात यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना हत्तीच्या पायी दिलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतरावांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून ईस्ट इंडिया कंपनीची फौज पदरात घेतली. बडोद्याचे गायकवाड आधीच कंपनीशी करार करून बाजूला झाले होते. सप्टेंबर १८०३ मध्ये असई आणि दिल्ली, नोव्हेंबरमध्ये लासवाडी आणि आडगाव, डिसेंबरमध्ये भोसल्यांचा देवगावचा तह आणि शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा तह. दोघं संपल्यावर, एप्रिल १८०४ पासून, कंपनी होळकरांकडे वळली. यशवंतरावांनी मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पळवलं, भरतपूरपुढे जनरल लेकला हात चोळत बसावं लागलं, आणि तरीही डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटचा तह करावा लागला. एकामागून एक, वरच्या हिशेबासारखंच.

असईत तर हा नियम एका लढाईच्या आतसुद्धा दिसतो. कागदावर मराठ्यांची फौज सुमारे ५०,०००, पण कवायती पायदळ त्यातलं साधारण ११,०००. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्याकडे म्हैसूरचं आणि मराठा घोडदळ धरून १०,००० च्या आत. त्याने केळणा नदी उतरून केळणा आणि जुई यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात फौज उभी केली. तिथे समोरच्याला सगळी फौज पसरायला जागाच नव्हती. घोडदळाचा मोठा भाग लढाईत नीट उतरलाच नाही. शिंद्यांच्या तोफांनी मात्र जे करायचं ते केलं. कंपनीचे १,५०० हून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. मोठ्या आकड्यातला केवढा भाग एकाच वेळी माऱ्यात उतरला, एवढंच त्या दिवशी मोजलं गेलं.

१८१७ चं उदाहरण मला जास्त बोचतं. ५ नोव्हेंबरला खडकी, २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डी, २१ डिसेंबरला क्षिप्रेकाठी महिदपूर. पेशवे, भोसले आणि होळकर अवघ्या दीड महिन्यात लढले, आणि तरीही एकेकटे लढले. ज्या दिवशी खडकीत तोफा धडाडत होत्या त्याच दिवशी दौलतराव शिंदे ग्वाल्हेरच्या तहाने युद्धाबाहेर पडले. महिदपूरनंतर मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी म्हणून इंदूर उभं राहिलं. होळकरांनी साथ दिली असती तर जिंकलोच असतो, असं मी म्हणणार नाही. कंपनीकडे पैसा होता, एकच लष्करी नेतृत्व होतं. पण फितुरी कोणाची, यावर आपण जितकं बोलतो त्याच्या दशांशानेही सामाईक सेनापती आणि सामाईक खजिना का नव्हता यावर बोलत नाही.

म्हणजे बलाढ्य देशाने गटाला घाबरावं का? गट एकत्र यायला जितका वेळ लावतो तो वेळ, एकेकाला संपवायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असेल, तर घाबरावं. नसेल तर बेरीज कितीही फुगलेली असो, तिला अर्थ नाही. पण यात एक भयंकर गोम आहे. हे गणित बलाढ्य देशालाही येतं. जर्मनीने १९०४ चा इंग्लंड-फ्रान्स करार आणि १९०७ चा इंग्लंड-रशिया करार पाहिला आणि आपण वेढले जातोय असं धरलं. जर्मनीच्या श्लीफेन योजनेचा गाभा असा: रशियाची जमवाजमव होईपर्यंत सहा आठवडे मिळतील, तेवढ्यात फ्रान्स संपवायचा, मग रशियाकडे वळायचं. एकामागून एक! गटाच्या भीतीने युद्धाचं वेळापत्रक आधीच छापून ठेवलं आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये ते रुळांवर धावू लागलं.

भीतीचं स्वतंत्र समीकरण लुईस फ्राय रिचर्डसन यांनी मांडलं. आज हवामानाचा अंदाज ज्या पद्धतीने काढतात तिचा हा जनक. पहिल्या महायुद्धात लढायला नकार देऊन त्यांनी फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. त्यांच्या मते एका बाजूचा शस्त्रखर्च वाढण्याचा वेग म्हणजे भीतीचा गुणांक गुणिले समोरच्याचा खर्च, वजा थकव्याचा गुणांक गुणिले स्वतःचा खर्च, अधिक जुनी तक्रार. दोन्ही बाजूंच्या भीतींचा गुणाकार थकव्यांच्या गुणाकारापेक्षा मोठा झाला की खर्च कुठेच स्थिरावत नाही. १९०९ ते १९१३ चे फ्रान्स-रशिया आणि जर्मनी-ऑस्ट्रियाचे आकडे त्यांनी यात बसवून दाखवले. नाटोच्या विस्ताराचं कारण पुढे करून रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला; ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड आणि ७ मार्च २०२४ ला स्वीडन नाटोत गेले.

आणि याच विषयावर वाहिन्या ज्योतिषांना बोलावतात, याची मला चीड येते. मंगळ-शनीची युती झाली, आता महायुद्ध! ही युती साधारण दर दोन वर्षांनी होते. इतिहासातलं कुठलंही युद्ध घ्या, ते कुठल्या ना कुठल्या युतीच्या वर्षभर मागे-पुढे सापडणारच. ग्रहांच्या गतीचं गणित इतकं पक्कं असताना त्याचा असा वापर करणं ही लोकांची सरळ फसवणूक आहे.

आजच्या गटांकडे या नजरेने बघा. ब्रिक्सकडे लष्करी करार नाही, संयुक्त सेनापती नाही. त्यातल्या लोकसंख्येने सर्वांत मोठ्या दोन देशांचे, भारत आणि चीनचे, सैनिक जून २०२० मध्ये गलवानमध्ये एकमेकांशी लढले. युरोपीय संघाचे २७ देश व्यापाराच्या वाटाघाटीत एका तोंडाने बोलतात, म्हणून आयात शुल्काच्या भांडणात त्यांना वचकून राहावं लागतं. परराष्ट्र धोरणात तेच देश एकमताशिवाय हलू शकत नाहीत. नाटोत ३२ देश आहेत, १९५१ पासून एकत्रित लष्करी नेतृत्व आहे. पण एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला असं म्हणणारं पाचवं कलमसुद्धा प्रत्येकाला 'आवश्यक वाटेल ती' कृती करायला सांगतं. आजवर ते एकदाच, २००१ मध्ये, वापरलं गेलं. शीतयुद्धात अमेरिकेने १९६९ पासून १९९३ पर्यंत 'रिफॉर्जर' नावाचे सराव केले, त्यात मोजायची गोष्ट मुळात हीच होती: अटलांटिकपलीकडची फौज जर्मनीत किती लवकर पोहोचते.

सध्या ही मोजणी रुळांवर आली आहे. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया नाटोत आहेत, पण त्यांचे बहुतेक रूळ रशियन काळातले, १,५२० मिलिमीटर रुंदीचे. पोलंडचे १,४३५ मिलिमीटरचे. खंडव्याला मीटरगेज बदलताना माल उतरवून पुन्हा चढवायचा खटाटोप आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल; तिथे तो रणगाड्यांचा करावा लागेल, आणि तोही रशियाचं कालिनिनग्राद आणि बेलारूस यांच्या मधल्या अरुंद पट्ट्याच्या आसपास. लिथुआनियातल्या कौनासपर्यंत १,४३५ चा रूळ २०१५ मध्ये पोहोचला. तिथून पुढे टालिनपर्यंत 'रेल बाल्टिका'चं काम चालू आहे, तिन्ही देशांत मिळून एकूण ८७० किलोमीटर, लक्ष्य २०३०.