न्यूक्लियर डेटातल्या 'प्लस-मायनस'ची गोष्ट

रिअॅक्टरचं कुठलंही गणित करायला बसा, पहिला आकडा लागतो क्रॉस सेक्शनचा. म्हणजे अमुक वेगाचा न्यूट्रॉन तमुक अणुकेंद्रकावर गेला तर रिअॅक्शन होण्याची शक्यता किती, ते. त्याचं युनिट बार्न, म्हणजे धान्याचं कोठार. १९४२ च्या डिसेंबरात अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीतल्या दोन फिजिसिस्टनी हे नाव गमतीत दिलं, कारण युरेनियमचं केंद्रक न्यूट्रॉनसाठी कोठाराएवढं मोठं टार्गेट, नेम चुकायचाच नाही. मंद न्यूट्रॉननी युरेनियम-२३५ फुटायचा क्रॉस सेक्शन साधारण ५८५ बार्न. ठीक आहे, पण प्लस-मायनस किती? खरी भानगड इथून सुरू होते.

कारण रिअॅक्टरमध्ये चूक महाग पडते. साखळी रिअॅक्शन ताब्यात राहते ती उशिरा निघणाऱ्या मूठभर न्यूट्रॉनच्या जिवावर, युरेनियम-२३५ मध्ये ते जेमतेम ०.६५ टक्के असतात. आणि नुसत्या डेटातल्या अनिश्चिततेमुळे गणितात अर्धा टक्का इकडंतिकडं सहज होतं. चालू रिअॅक्टरमध्ये न्यूट्रॉन शोषणारे रॉड हलवून जमवून घेता येतं, पण जो अजून कागदावरच आहे त्याचं काय? म्हणून मग "आकडा किती"बरोबर "आकड्यावर भरवसा किती" हे मोजणारं सॉफ्टवेअर लागलं.

सुरुवातीला मात्र याकडं फारसं कुणी बघत नव्हतं. १९४६ मध्ये आजारातून उठलेला गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम पत्ते लावत बसला होता, डाव सुटायची शक्यता सूत्रानं काढण्यापेक्षा भरपूर डाव खेळून मोजावी असं त्याच्या डोक्यात आलं आणि तिथून अमेरिकेच्या लॉस अलामॉस लॅबमध्ये फॉन नॉयमन, मेट्रोपोलिस वगैरे मंडळींनी मॉन्टे कार्लो पद्धत उभी केली, न्यूट्रॉनचा प्रवास फासे टाकून काढायचा. पण फासे न्यूट्रॉनवर, क्रॉस सेक्शनवर नाही. तो आकडा बरोबरच आहे असं धरून चालायचं. १९६८ मध्ये ईएनडीएफ/बी ही अमेरिकन डेटा लायब्ररी आली, तीही मुख्यतः आकड्यांचीच.

सत्तरच्या दशकात अमेरिकेच्याच ओक रिज लॅबमध्ये फ्रान्सिस पेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोवेरियन्सचा आग्रह धरला. कोवेरियन्स म्हणजे काय? मंडईत दोन भाजीवाल्यांकडून एकेक किलो कांदे घेतले आणि दोघांकडं एकाच दुकानातून आणलेली खोटी वजनं असली, तर दोन मापं जुळली म्हणून माप बरोबर असं होत नाही. प्रयोगांचंही तसंच, दहा लॅबनी मोजलं पण सगळ्यांनी एकाच स्टँडर्डशी तुलना केली असेल तर ती दहा स्वतंत्र मापं नव्हेतच. ही सामायिक चूक मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या आडव्या-उभ्या तक्त्यात, मांडायची, मग ती डेटातून रिअॅक्टरच्या उत्तरापर्यंत न्यायची, या दुसऱ्या पायरीला सगळे 'सँडविच रूल' म्हणतात कारण मॅट्रिक्स दोन्ही बाजूंनी सेन्सिटिव्हिटीच्या (डेटा जरा हलला तर उत्तर किती हलतं, त्याच्या) पावात बसतं. ओक रिजचा सॅमी, लॉस अलामॉसचा एनजॉय, आर्गोन लॅबमधल्या पोएनिट्झचा जीएमए हे प्रोग्रॅम याच घराण्यातले, सगळे फोरट्रानमधले, आणि मुळाशी गाउसचंच लीस्ट स्क्वेअर्स (मापांपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असं उत्तर काढायची पद्धत), फक्त मॅट्रिक्सचा पसारा वाढलेला.

यात १९८७ मध्ये रॉबर्ट पील यांनी असा खडा टाकला की लोक चक्रावले. समजा एकाच गोष्टीची दोन मापं, १.५ आणि १.०. प्रत्येकाची स्वतःची चूक १० टक्के, आणि दोघांना सामायिक २० टक्के. लीस्ट स्क्वेअर्समध्ये टाका. उत्तर येतं ०.८८. दोन्ही मापांपेक्षा कमी! विश्वास बसत नसेल तर कागदावर करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. सूत्र चुकलेलं नाही, आपण त्याला दिलेलं मॅट्रिक्स चुकलंय. २० टक्के हे मोजलेल्या आकड्यावर धरले म्हणून १.५ ची सामायिक चूक ०.३ झाली आणि १.० ची ०.२, मग सूत्राला वाटतं दोन्ही मापं एकाच कारणानं वर गेलीत, मोठं जास्त गेलंय, चला दोघांनाही खाली ओढू. १० आणि २० हे दोन्ही टक्के दोघांसाठी एकाच अंदाजित आकड्यावर धरले की उत्तर सव्वाच्या आसपास, म्हणजे शहाण्या माणसाला सुचेल तेच. जीएमएमध्ये पुढं ही दुरुस्ती घातली गेली. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात मोठा धडा हाच, सॉफ्टवेअर मुकाट्यानं उत्तर देतं, हरकत घेत नाही.

तरी कोवेरियन्स भरायचा वेग बघा, २००६ च्या ईएनडीएफ/बी-७.० मध्ये फक्त २६ मटेरियलना होते, २०११ च्या ७.१ मध्ये १९०, तेही एकूण ४२३ पैकी. एक कारण साधं आहे, जुन्या पेपरमध्ये "एरर ५ टक्के" एवढंच लिहिलेलं, त्यात डिटेक्टरचा वाटा किती, सॅम्पलच्या वजनाचा किती, काही पत्ता नाही. प्रयोगांची मापं एक्सफोर नावाच्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये जमा होतात, भारतातली मापं त्यात घालायचं काम मुंबईतून चालतं. आपल्याला थोरियमची वाट धरायची तर थोरियमपासून बनणाऱ्या युरेनियम-२३३ चा डेटा भरवशाचा हवाच, म्हणून बीएआरसीनं मणिपालच्या स्टॅटिस्टिक्सवाल्यांना सोबत घेऊन कोवेरियन्सवर काम केलं, फिजिक्सवाले आणि संख्याशास्त्रवाले एका टेबलावर बसले हे मला फार आवडतं.

मग २००८ मध्ये उलामचा पत्त्यांचा डाव परत आला. नेदरलँड्समध्ये पेटनला कोनिंग आणि रोखमान यांनी म्हटलं, मॅट्रिक्सची खटपट कशाला, टॅलिस हे रिअॅक्शन मॉडेलचं सॉफ्टवेअर आहेच (कोनिंग आणि फ्रेंच सहकाऱ्यांनी १९९८ पासून बनवलेलं), त्याचे पॅरामीटर रँडम हलवा, दरवेळी अख्खी डेटा फाइल नव्यानं काढा, प्रत्येक फाइलनं रिअॅक्टरचं गणित करा, उत्तरं जेवढी पसरतील तेवढी अनिश्चितता. नाव टोटल मॉन्टे कार्लो. अक्षरशः शेकडो वेळा तेच गणित, कॉम्प्युटर स्वस्त झाले म्हणून परवडलं.

यालाही खोट आहेच, मॉडेलच मुळात वाकडं असेल तर पॅरामीटर कितीही हलवा, उत्तर वाकड्यातच फिरणार. त्यामुळं आता मॉडेलच्या उणिवेलाच गाउसियन प्रोसेस या संख्याशास्त्रातल्या पद्धतीनं वेगळी जागा देतात. २०२१ मध्ये श्नाबेल, कोनिंग, रोखमान वगैरेंनी लोखंड-५६ वर अशी पूर्ण पाइपलाइन छापली, आर या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, एक्सफोरमधून माप उचलण्यापासून फाइल बाहेर पडेपर्यंत सगळं स्क्रिप्टमध्ये, कुणीही परत चालवून बघावं असं. त्यात एक पायरी अशी आहे की प्रयोग एकमेकांशी जुळत नसतील तर कोणत्या मापाची सामायिक चूक कमी सांगितली गेली असावी याचा अंदाज प्रोग्रॅमच काढतो आणि ती वाढवून घेतो. जुन्या पेपरात "५ टक्के" लिहून मोकळे झालेल्यांचा हिशोब आता असा लागतोय.