वेफर्सची चव कानात

‘वेफर्सच्या पाकिटात निम्मी हवाच असते’ ही तक्रार ठरलेली. ती ‘हवा’ बहुधा नायट्रोजन असतो. त्यामुळे वेफर्स कमी चुरतात आणि तेल लवकर खवट होत नाही. (वजन पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचतो कोण!) मला मात्र त्या पाकिटाचा आणि वेफर्सचा आवाजच जास्त रंजक वाटतो.

ऑक्सफर्ड विद्यापीठात मास्सिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी काही जणांना हेडफोन लावून प्रिंगल्स चावायला दिले. प्रिंगल्सच का? ते पीठ मळून साच्यात घडवतात, म्हणून प्रत्येक चकती सारखी. चावण्याचा आवाज मायक्रोफोनने टिपून, त्यात फेरफार करून, लगेच त्याच माणसाच्या कानात सोडला. आवाज वाढवला, किंवा २ किलोहर्ट्झच्या वरच्या वारंवारता (म्हणजे आवाजातला तीक्ष्ण, वरच्या पट्टीचा भाग) तेवढ्या वाढवल्या, की तेच वेफर्स जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटत. हा शोधनिबंध २००४ चा. २००८ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं.

नेमक्या वरच्याच वारंवारता का? तळताना पाणी उडून गेलं की स्टार्च काचेसारख्या ठिसूळ अवस्थेत जातो. दाताखाली तो वाकत नाही. ताण साठतो आणि एकदम तडा जातो. सुटलेल्या ऊर्जेचा थोडा भाग ध्वनी होतो. असे क्षणार्धात संपणारे अनेक तडे म्हणजे उच्च वारंवारतांची बरसात. पावसाळी हवेत स्टार्च ओलावा शोषतो, पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्यांमध्ये शिरतात, साखळ्या सरकू लागतात आणि काचसंक्रमण तापमान (ज्याच्या खाली स्टार्च काचेसारखा ठिसूळ राहतो ते) घसरतं. ते खोलीच्या तापमानाखाली गेलं की ताण साठण्याआधीच जिरतो. सादळलेला पापड मुका होतो तो यामुळे. मेंदू आवाज आणि दाताखालचा स्पर्श एकत्र करूनच ‘कुरकुरीत’ असा निकाल देतो.

आवाज बदलून चव बदलते म्हटल्यावर कुणाला हा ‘मेंदूवर ताबा’ वाटेल, पण तसं म्हणायची घाई नको. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स व्हिकरी या बाजार-संशोधकाने सिनेमाच्या पडद्यावर न दिसणारा संदेश झळकवून पॉपकॉर्नचा खप वाढवल्याचा दावा केला होता. पुढे त्यानेच ती निव्वळ प्रसिद्धीची क्लृप्ती असल्याचं कबूल केलं. तरी तो किस्सा आजही मार्केटिंगच्या व्याख्यानांत रंगवून सांगतात.

कुरकुर पाकिटाचीही असते, पण तिलाही मर्यादा आहे. फ्रिटो-ले या कंपनीने अमेरिकेत आपल्या सनचिप्स या वेफर्ससाठी कंपोस्ट होणारी पिशवी आणली. तिचा आवाज ९५ डेसिबलपर्यंत जातो, अशी ओरड झाली. २०१० मध्ये कंपनीने बहुतेक चवींसाठी जुनी पिशवी परत आणली.