कालव्यातली बोट पंपाने वर चढत नाही

"फ्रान्सच्या कालव्यांत पंपाने पाणी भरून बोटी वर उचलतात," असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. लॉकवर, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दोन दरवाजांच्या हौदावर, मोटरचा आवाज येतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण ती मोटर दरवाजे आणि झडपा हलवते. बोट उचलतं ते वरून आलेलं पाणी.

१६८१ साली खुला झालेला दक्षिण फ्रान्समधला कनाल द्यू मिदी हा कालवा घ्या. बोट लॉकमध्ये शिरली की मागचा दरवाजा बंद होतो, वरच्या झडपा उघडतात, पाणी आपल्या वजनाने आत येतं आणि पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो. उतरताना पाणी खाली सोडतात. म्हणजे दर खेपेला वरचं पाणी खर्च होतं. मग ते वर येतं कुठून? कालव्याची खरी करामत इथेच आहे. सर्वांत उंच टप्पा नोरूझजवळ, सुमारे १९० मीटरवर. डोंगरातलं, सँ-फेरेओल धरणात साठवलेलं पाणी चराने तिथे आणलं आहे. तिथून ते दोन्ही बाजूंना उतरतं.

उंची दाखवणाऱ्या नकाशावर हे कुणालाही पाहता येईल. एक दिवसाच्या सफरीला गेलात, तर लॉक भरताना पाणी कुठल्या बाजूने येतं ते जरूर पाहा. काही वेळा आणखी बोटी येईपर्यंत थांबवतात, तेही पाणी वाचवण्यासाठीच.