महिला फुटबॉलमधील व्यावसायिक गोलरक्षकाची कारकीर्द

फुटबॉल संघाचा गोल राखणे हाच पोटापाण्याचा व्यवसाय असलेल्या महिला खेळाडूची वाटचाल. हा व्यवसाय अजून तरुण आहे. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ साली चीनमध्ये झाला. अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेली व्यावसायिक लीग तीन हंगामांतच गुंडाळली गेली आणि इंग्लंडची सर्वोच्च लीग पूर्णवेळ व्यावसायिक व्हायला २०१८ साल उजाडले.

या कारकिर्दीचे सगळे गणित एका गोष्टीभोवती फिरते : गोलमध्ये जागा एकच असते. मधल्या फळीतली खेळाडू बाजू बदलून खेळू शकते, शेवटची वीस मिनिटे बदली म्हणून उतरू शकते. राखीव गोलरक्षकाला ही सोय नाही. पहिलीला दुखापत झाली, ती फॉर्ममधून गेली किंवा प्रशिक्षकाच्या मनातून उतरली, तरच तिचा नंबर लागतो. २३ जणींच्या विश्वचषक संघात तीन गोलरक्षक घ्याव्याच लागतात, आणि त्यांतली तिसरी बहुधा एक मिनिटही न खेळता परतते.

जर्मनीच्या नादिन अँगररने १९९६ मध्ये राष्ट्रीय संघात पदार्पण केले, पण त्यानंतरची सुमारे दहा वर्षे ती सिल्के रोटेनबर्गच्या मागे थांबली. २००७ मध्ये रोटेनबर्गचा गुडघा दुखावला, अँगरर विश्वचषकात उतरली आणि सहा सामन्यांत, म्हणजे ५४० मिनिटांत, तिने एकही गोल होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टीही तिने अडवली. २०१३ मध्ये फिफाची वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून तिची निवड झाली. हा मान मिळवणारी ती पहिली गोलरक्षक. त्याच २००७ च्या स्पर्धेत उलटी गोष्टही घडली. अमेरिकेच्या प्रशिक्षकांनी उपांत्य सामन्याआधी होप सोलोला बाहेर बसवून अनुभवी ब्रियाना स्करीला उतरवले. ब्राझीलने ४-० ने धुव्वा उडवला, सोलोने निर्णयावर उघड टीका केली आणि तिला संघापासून दूर ठेवण्यात आले. पुढच्याच वर्षी ऑलिंपिकच्या सुवर्णपदकाच्या लढतीत गोलमध्ये पुन्हा तीच होती.

सोलो शाळेत असताना आघाडीला खेळायची. पूर्णवेळ गोलरक्षक ती विद्यापीठात झाली. तिच्या पिढीत हे नवलाचे नव्हते. मुलींच्या संघांना गोलरक्षणाचा स्वतंत्र प्रशिक्षक बऱ्याच देशांत फार उशिरा मिळाला, आणि चेंडू पकडण्याची, क्रॉसवर (बाजूने गोलसमोर उंच आलेल्या चेंडूवर) झेपावण्याची, पडताना खांदा सांभाळण्याची तंत्रे अनेकजणी मोठ्या वयात शिकल्या. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल पुरुषांइतकाच असल्याने तो महिलांसाठी लहान करावा, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. उंचीचा प्रश्न खोटा नाही. कोन कमी करायला चार पावले पुढे यावे तर डोक्यावरून चेंडू जाण्याची भीती, आणि मागे थांबावे तर दोन्ही कोपरे मोकळे. तरीही या चर्चेत प्रशिक्षणाच्या अभावाचे खापर बरेचदा गोलच्या मापावर फुटते. आजच्या वरच्या दर्जाच्या गोलरक्षकांचा खेळ पाहिला की हे कळते.

१९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॅकपास हातात घेता येत नाही. त्यामुळे चेंडू पायाने खेळवणे हा या कामाचा मोठा भाग झाला आहे. २०२५-२६ च्या हंगामापासून चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो.

पेनल्टी हा मात्र गोलरक्षकाचा स्वतःचा प्रांत. १९९९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना पॅसाडिनात गोलशून्य राहिला आणि शूटआउटवर गेला. चीनची तिसरी किक लिऊ यिंगने घेतली. स्करी तिने पाय लावण्याआधीच रेषा सोडून पुढे आली, कोन कापला आणि चेंडू बाहेर ढकलला. पंचांनी काही म्हटले नाही आणि अमेरिका ५-४ ने जिंकली. वीस वर्षांनी, व्हीएआरच्या (चित्रफीत पाहून पंचांचे निर्णय तपासण्याच्या) काळात, हे खपले नसते. २०१९ च्या विश्वचषकात नायजेरियाच्या चियामाका ननाडोझीसमोर फ्रान्सच्या वेंडी रेनारने पेनल्टी खांबावर मारली. ननाडोझीचे पाय रेषेच्या पुढे आल्याचे चित्रफितीत दिसले, किक पुन्हा घेतली गेली आणि गोल झाला. किक मारली जाते त्या क्षणी किमान एका पायाचा काही भाग रेषेवर किंवा तिच्या सरळ वर हवा, असा नियम त्याच वर्षी आला होता. १८ वर्षांच्या मुलीला तो भर मैदानात शिकावा लागला. पुढे ती आफ्रिकेतील सर्वोत्तम गोलरक्षकांत गणली गेली.

बोटे, मनगट, खांदा आणि गुडघा यांच्या दुखापती नित्याच्या. डोक्याला बसलेला मार सर्वांत वाईट. २०१० मध्ये खाली वाकून चेंडू घेताना प्रतिस्पर्धी खेळाडूचा गुडघा स्करीच्या डोक्यावर आदळला. ती पुन्हा कधीच खेळली नाही. पुढच्या हलाखीच्या काळात तिला ऑलिंपिकची सुवर्णपदके गहाण ठेवावी लागली, आणि नीट उपचार मिळून शस्त्रक्रिया व्हायला २०१३ उजाडले.

पैशाची बाजू सुधारली आहे, पण पायाच तोकडा होता. अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू झालेल्या एनडब्ल्यूएसएल या लीगमध्ये पहिल्या वर्षी किमान मानधन हंगामाला ६,००० डॉलर होते. २०२५ मध्ये ते ४८,५०० डॉलर झाले. २०२१ पासून फिफाच्या नियमांनुसार किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा दोन तृतीयांश पगारासह द्यावी लागते, आणि त्या काळासाठी क्लबला नोंदणीची मुदत संपल्यावरही बदली खेळाडू घेता येते. जर्मनीची गोलरक्षक आल्मुथ शुल्ट २०२० मध्ये जुळ्यांची आई झाल्यावर पुन्हा मैदानात उतरली आणि २०२२ च्या युरो स्पर्धेच्या संघातही होती.

बाजारपेठेने मात्र गोलरक्षकाला बराच काळ मोजलेच नव्हते. २०२३ च्या विश्वचषकासाठी इंग्लंडच्या बाकी खेळाडूंच्या जर्सी दुकानात आल्या; मेरी अर्प्सची गोलरक्षकाची जर्सी विक्रीला ठेवलीच नव्हती. दीड लाखाहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. अर्प्सने अंतिम सामन्यात स्पेनच्या जेनिफर एर्मोसोची पेनल्टी अडवली, सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार मिळवला, आणि नंतर बाजारात आलेल्या जर्सी बघता बघता संपल्या. हीच अर्प्स काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय संघाबाहेर होती आणि खेळ सोडण्याच्या विचारात होती. २०२१ मध्ये सरिना विगमन प्रशिक्षक झाल्या आणि तिचे दिवस पालटले. चार वर्षांनी रांग पुढे सरकली. हॅना हॅम्प्टनला पसंती मिळू लागली आणि अर्प्सने युरो २०२५ च्या तोंडावर आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली. जन्मतः डोळ्यांचा दोष असलेल्या हॅम्प्टनने अंतिम सामन्यातील शूटआउटमध्ये स्पेनच्या दोन किक अडवल्या आणि त्याच वर्षी प्रथमच दिली गेलेली महिलांची याशिन ट्रॉफी, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार, मिळवली.

गोलरक्षक इतरांपेक्षा जास्त वर्षे खेळतात. पस्तिशी ओलांडलेल्या गोलरक्षक वरच्या पातळीवर दिसतात. निवृत्तीनंतरची ठरलेली वाट प्रशिक्षणाची. अँगरर ३६ व्या वर्षी थांबली आणि पोर्टलंड थॉर्न्स क्लबची गोलरक्षक प्रशिक्षक झाली. कॅनडाला टोकियो ऑलिंपिकचे सुवर्ण मिळवून देणारी स्टेफनी लॅबे निवृत्तीनंतर व्हँकुव्हरमध्ये क्लबच्या व्यवस्थापनात गेली.